सॉफ्टवेअर स्थापनेतील सुरक्षा इशारे

सॉफ्टवेअर स्थापनेतील सुरक्षा इशारे म्हणजे संगणकावर किंवा मोबाइलवर नवे सॉफ्टवेअर (आज्ञावली) बसवताना संचालन प्रणालीकडून दाखवल्या जाणाऱ्या सावधगिरीच्या सूचना होत. फाइलचा प्रकाशक अनोळखी असल्यास, तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी नसल्यास किंवा ती आजवर फार थोड्यांनी उतरवली असल्यास असा इशारा दिला जातो. इशारा आला म्हणजे फाइलमध्ये विषाणू सापडला असे नव्हे. विश्वासार्ह सॉफ्टवेअरलाही तो येऊ शकतो. त्याचप्रमाणे, इशारा न येणे ही सुरक्षिततेची हमी नसते. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांत ई-निविदा, मराठी टंकलेखन, डिजिटल सातबारा आणि शेतकरी योजना यांच्या निमित्ताने सामान्य नागरिकांचाही अशा इशाऱ्यांशी संबंध येतो.

कार्यपद्धती

प्रकाशक प्रमाणन संस्थेकडून प्रमाणपत्र घेऊन आपल्या फाइलवर डिजिटल स्वाक्षरी करतो. स्वाक्षरीनंतर फाइलमध्ये किंचितही बदल झाल्यास ती अवैध ठरते. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने इ.स. १९९६ मध्ये ऑथेंटिकोड ही पद्धत आणली. स्वाक्षरीमुळे फाइल कोणाची आहे आणि ती वाटेत बदलली गेली का, एवढेच कळते. ती निरुपद्रवी आहे की नाही, हे कळत नाही. प्रमाणपत्रासाठी ठरावीक मुदतीने शुल्क भरावे लागत असल्याने लहान विकसक व मुक्तस्रोत प्रकल्प अनेकदा स्वाक्षरीविनाच सॉफ्टवेअर वितरित करतात.

आंतरजालावरून उतरवलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य खूण जोडते. ही खूण असलेल्या फाइलची स्मार्टस्क्रीन ही सुविधा तपासणी करते. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ही खूण टिकत नाही. त्यामुळे एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पेनड्राइव्हने नेलेली फाइल स्मार्टस्क्रीनच्या इशाऱ्याविना उघडू शकते.

प्रमुख प्रकार

* विंडोज: विंडोज ८ (इ.स. २०१२) पासून स्मार्टस्क्रीन संचालन प्रणालीचाच भाग आहे. त्याच्या खिडकीत ‘अधिक माहिती’ या अर्थाचा दुवा उघडल्यावरच ‘तरीही चालवा’ हा पर्याय दिसतो. प्रशासकीय परवानगी मागणारी खिडकी वेगळी असते. स्वाक्षरी नसलेल्या फाइलसाठी ती पिवळ्या रंगात ‘प्रकाशक अज्ञात’ असे दाखवते.
* मॅकओएस: गेटकीपर ही व्यवस्था इ.स. २०१२ पासून आहे. इ.स. २०२४ च्या सेक्वोया आवृत्तीपासून अशा सॉफ्टवेअरला सेटिंग्जमधील गोपनीयता व सुरक्षा विभागात जाऊन परवानगी द्यावी लागते.
* अँड्रॉइड: आठव्या आवृत्तीपासून (इ.स. २०१७) अज्ञात स्रोतातील ॲप बसवण्याची परवानगी प्रत्येक स्रोताला स्वतंत्रपणे द्यावी लागते. व्हॉट्सॲपला ती एकदा दिली की पुढे परत घेईपर्यंत कायम राहते.

वऱ्हाडातील व्यवहार

महापालिका व जिल्हा परिषदांच्या ई-निविदा भरण्यासाठी ठेकेदारांना डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र लागते. ते यूएसबी टोकनमध्ये साठवलेले असते व त्यासाठी टोकनचा ड्रायव्हर बसवावा लागतो. ड्रायव्हरला प्रशासकीय परवानगी लागत असल्याने इशारा येणे स्वाभाविक आहे. मात्र बनावट ड्रायव्हरला ही परवानगी मिळाल्यास संपूर्ण संगणक, आणि टोकन जोडलेले असताना स्वाक्षरीही, परक्याच्या हाती जाऊ शकते.

शासकीय कार्यालये व डीटीपी केंद्रे यांत सी-डॅकची आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांसारखी मराठी टंकलेखनाची सॉफ्टवेअरे वापरली जातात. ती मूळ प्रकाशकाकडून न घेता हातोहात मिळालेल्या प्रतीवरून बसवल्यास मूळ संचात कोणी फेरफार केला आहे का, हे समजणे कठीण होते.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीत सातबारा उपलब्ध केला. त्याची पीडीएफ उघडल्यावर अनेकदा ‘स्वाक्षरीची वैधता अज्ञात’ या अर्थाचा इशारा दिसतो. भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र त्या वाचकाच्या विश्वासयादीत नसणे, हे त्याचे नेहमीचे कारण असते. उतारा खोटा आहे असा त्याचा अर्थ होत नाही. उताऱ्यावरील पडताळणी क्रमांकाने महाभूमी संकेतस्थळावर खातरजमा करता येते.

याउलट पीएम-किसान, वाहतूक चलन किंवा लग्नपत्रिका या नावांनी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बनावट एपीके फाइलींच्या बाबतीत इशारा अक्षरशः खरा ठरतो. अशी ॲप लघुसंदेश वाचण्याची परवानगी घेऊन बँकेचा ओटीपी चोरतात.

पडताळणीच्या पद्धती

* फाइल प्रकाशकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा अधिकृत ॲप दालनातून स्वतः उतरवली जाते. संदेशातील दुवा टाळला जातो.
* फाइलच्या गुणधर्मांतील डिजिटल स्वाक्षरी विभागात प्रकाशकाचे नाव तपासले जाते.
* प्रकाशकाने एसएचए-२५६ ठसा जाहीर केला असल्यास विंडोजमधील सर्टयुटिल या आज्ञेने तो ताडून पाहता येतो.
* खात्री पटल्यावर केवळ त्या फाइलपुरता अपवाद केला जातो. अँटिव्हायरस किंवा स्मार्टस्क्रीन संपूर्ण बंद करण्याची सूचना विक्रेत्याने दिली तरी ती धोकादायक मानली जाते, कारण पुढे येणाऱ्या प्रत्येक फाइलचे संरक्षण त्यामुळे संपते.
* मोबाइलवर दिलेली अज्ञात स्रोताची परवानगी काम झाल्यावर काढून घेतली जाते.

आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तातडीने तक्रार करता येते.

मर्यादा

स्वाक्षरीवरील विश्वासही निरपवाद नाही. इ.स. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या विषाणूवर रिअलटेक व जेमायक्रॉन या कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांच्या स्वाक्षऱ्या होत्या. इ.स. २०१७ मध्ये सीक्लीनरची अधिकृत, स्वाक्षरीयुक्त आवृत्तीच दूषित निघाली. भारतात जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगल व याहूच्या संकेतस्थळांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे आढळले आणि संबंधित प्रमाणपत्रे रद्द करण्यात आली. वारंवार येणाऱ्या इशाऱ्यांमुळे ते न वाचताच पुढे जाण्याची सवय लागते, ही या व्यवस्थेची आणखी एक मर्यादा आहे. ई-निविदेसारख्या कामात मुदत संपत आलेली असताना ही सवय सर्वाधिक महाग पडू शकते.

हेही पाहा

* डिजिटल स्वाक्षरी
* माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००
* सातबारा उतारा