कॉलेजात शिकता शिकता लष्करी अधिकारी : खानदेशात ही वाट कधी उघडली?

पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, की "सर, विषय तर ठरला, पण प्रश्न कसा काढायचा?" आज त्याचाच एक नमुना घेऊ. 'एनसीसीचा इतिहास' हा विषय झाला. यावर आराखडा लिहायला बसलात तर दोन पानांत माहिती संपते आणि मार्गदर्शक विचारतात, मग पुढे काय? आता हाच विषय असा आवळून बघा : जळगाव किंवा धुळ्यात राहणाऱ्या, इथल्याच कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला लष्करात अधिकारी होण्याची वाट नेमकी कोणत्या साली मिळाली?

मी मूळचा विज्ञानाचा, त्यामुळे मला आधी वाटतं की उत्तर एका आकड्यात यावं. इथं ते येत नाही. 'मिळाली' म्हणजे कोणाला, हे ठरवल्याशिवाय साल सांगताच येत नाही. आणि म्हणूनच हा प्रश्न संशोधनाला चांगला आहे.

सुरुवात धरणगावपासून करू. १८१८ ला खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढची काही वर्षं सातपुड्यातल्या भिल्लांनी त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. १८२५ साली जेम्स आउट्रम नावाच्या लेफ्टनंटाने भिल्ल कोअर उभी केली. तिचं ठाणं धरणगावला. शिपाई इथले, भाषा इथली, डोंगर इथले. अधिकारी मात्र आउट्रम, वय वर्षं २२. हा माणूस अधिकारी झाला कसा, ते बघण्यासारखं आहे. स्कॉटलंडात ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात तो शिकत होता. १८१९ मध्ये त्याला हिंदुस्थानातली कॅडेटची जागा मिळाली आणि सोळाव्या वर्षी तो मुंबईला आला. म्हणजे कॉलेजातून थेट लष्करी अधिकारी झालेला, खानदेशच्या इतिहासातला एक ठळक माणूस खानदेशी नव्हताच. त्या काळात कंपनीच्या कॅडेटच्या जागा ओळखीने, शिफारशीने मिळत. आणि इथला भिल्ल किंवा मराठा शिपाई कितीही कर्तबगार निघाला तरी सुभेदारापर्यंत जायचा, आणि सर्वांत कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटाच्याही खालीच राहायचा.

'खानदेशला लष्करी परंपरा होती का?' असा प्रश्न आपल्याकडे फार विचारला जातो. मला तो निरुपयोगी वाटतो. परंपरा होती. शिपायाची परंपरा आणि अधिकाऱ्याची परंपरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ मध्ये विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची पथकं काढायला सरकारने परवानगी दिली. कलकत्त्याच्या स्कॉटिश चर्च कॉलेजात शिकणारे सुभाषचंद्र बोस अशाच पथकात होते. १९२० ला टेरिटोरियल फोर्सचा कायदा आला आणि या पथकांचं यूटीसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर झालं. (गोऱ्यांसाठी त्याच साली वेगळा कायदा, वेगळं ऑक्झिलिअरी फोर्स. नाव बघूनच कळतं कोण कुठं बसणार ते.) १९४२ मध्ये यूटीसीचं नाव बदलून यूओटीसी केलं, मध्ये 'ऑफिसर्स' हा शब्द घातला. युद्ध पेटलं होतं, अधिकारी हवे होते.

आता आपला प्रश्न लावा. १९१७ ते १९४२ या काळात जळगावच्या मुलाला यूटीसीत जाता येत होतं का? येत होतं. पुण्याला किंवा मुंबईला जाऊन. कारण पथक कॉलेजला जोडलेलं, आणि पूर्व काय, पश्चिम काय, दोन्ही खानदेशांत पदवीचं कॉलेजच नव्हतं. गंमत अशी की अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ सालीच तत्त्वज्ञान मंदिर काढलं होतं. म्हणजे तिथं संशोधनाची संस्था आधी आली आणि पदवीचं कॉलेज जवळपास तीस वर्षांनी! ज्याच्या घरी पुण्याचा खर्च परवडतो, ज्याचं खळं-शेत सांभाळायला घरात दुसरा कोणी आहे, तोच मुलगा त्या पथकाच्या दारापर्यंत पोहोचणार. अधिकारी कोण होणार याची पहिली चाळणी इथं लागत होती, मुलाखतीच्या कितीतरी आधी.

देहरादूनची इंडियन मिलिटरी ॲकॅडमी १९३२ ला सुरू झाली. तिच्या पहिल्या तुकडीतले सॅम माणेकशॉ त्या वेळी अमृतसरच्या हिंदू सभा कॉलेजात शिकत होते, दिल्लीला परीक्षा देऊन निवडले गेले. म्हणजे देशात कुठंतरी कॉलेजातून थेट अधिकारी होणं सुरू झालं होतं. अमृतसरला कॉलेज होतं, जळगावला नव्हतं.

पूर्व खानदेशात १९४५ साली एकदम दोन कॉलेजं उभी राहिली. जळगावचं मूळजी जेठा, ज्याला आपण सगळे एम. जे. म्हणतो, आणि अमळनेरचं प्रताप. धुळ्याला कॉलेजं त्यानंतर आली. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. यूओटीसीच्या जागी शाळा-कॉलेजांसाठी देशभर एकच संघटना असावी अशी तिची शिफारस. त्यातून १९४८ चा नॅशनल कॅडेट कोअर कायदा झाला. कायदा आला तेव्हा आपली कॉलेजं अवघी तीन वर्षांची होती. माझ्या मते खानदेशच्या बाबतीत १९४८ पेक्षा १९४५ हे साल जास्त महत्त्वाचं आहे. पुस्तकांत ते सापडणार नाही, कारण पुस्तकं कायद्याच्या सालावर चालतात. स्थानिक इतिहासाला संस्थेचं साल लागतं. आज जळगावला १८ महाराष्ट्र आणि धुळ्याला ४८ महाराष्ट्र बटालियन आहे, पण बटालियनचा कॅडेट शेवटी उभा राहतो तो कोणत्या तरी कॉलेजच्या मैदानावरच.

इथं एक खुलासा हवा, कारण आराखड्यात हमखास घोळ होतो. एनसीसी म्हणजे अधिकारी प्रशिक्षण नव्हे. १९४८ च्या कायद्यानेच कॅडेटवर प्रत्यक्ष लष्करी सेवेचं कोणतंही बंधन टाकलेलं नाही. तीन वर्षं परेड केली, 'सी' सर्टिफिकेट मिळालं, म्हणून कोणी लेफ्टनंट होत नाही. अमेरिकेत १९१६ पासून आरओटीसी आहे. तिथं कॉलेजची वर्षं आणि लष्करी प्रशिक्षण बरोबरीने चालतं, आणि ते नीट पूर्ण करणाऱ्याला पदवीच्या वेळी थेट कमिशन मिळू शकतं. शिवाय तिथल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात पथक नसेल तर विद्यार्थी शेजारच्या विद्यापीठाच्या पथकात जाऊन प्रशिक्षण घेऊ शकतो. दोन्हीकडे गणवेशातला विद्यार्थी दिसतो म्हणून दोन्ही एकच समजू नका.

उलट कॉलेजात राहून खरं 'ऑफिसर' प्रशिक्षण कोणाला मिळतं माहितीये? प्राध्यापकांना! कॉलेजातले जे शिक्षक एनसीसी सांभाळतात, ते असोसिएट एनसीसी ऑफिसर, एएनओ. त्यांना नागपूरजवळ कामठीच्या ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमीत पाठवतात, शिक्षिकांना ग्वाल्हेरला. परत आले की खांद्यावर तारे, पण ते एनसीसीच्या कमिशनचे. सैन्याची ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमी वेगळी, चेन्नईची. दोन्हींना लोक 'ओटीए'च म्हणतात. कॉलेजच्या जुन्या वार्षिकांकात 'आमचे सर ओटीए करून आले' असं वाचलं तर गाव कोणतं ते आधी बघा. नाहीतर भूगोलाच्या प्राध्यापकाला तुम्ही सीमेवर पाठवाल.

पुढचा मोठा टप्पा १९६२ च्या युद्धानंतरचा. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. त्याच वर्षी इमर्जन्सी कमिशनसाठी पुणे आणि मद्रासला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल निघाली. पुण्याचं लवकरच बंद झालं, मद्रासचं टिकलं, आणि १९८८ पासून तेच ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमी म्हणून ओळखलं जातं. म्हणजे बघा, एकाच वर्षी दोन दारं उघडली. खालचं कॉलेजच्या मैदानावर, सगळ्यांसाठी. वरचं मद्रासला, निवडक लोकांसाठी. मधला जिना मात्र ज्याचा त्याने शोधायचा. १९६८ मध्ये सक्ती उठली आणि १९६९ ला एनएसएस आलं. सक्तीच्या त्या पाच वर्षांवर खानदेशात काम व्हायला हवं असं मला फार वाटतं. शेतकऱ्याच्या घरातला पहिलाच पदवीधर, आणि त्याच्या हातात कॉलेजने रायफल दिलेली. त्या पिढीतली माणसं आज ऐंशीच्या आसपास आहेत. मुलाखती घ्यायच्या तर याच एक-दोन वर्षांत घ्याव्या लागतील.

आता मुलींचं. एनसीसीत मुलींचा विभाग १९४९ मध्येच सुरू झाला. लष्करी वैद्यकीय आणि नर्सिंग सेवा सोडली तर सैन्यात महिला अधिकारी घ्यायला सुरुवात झाली १९९२ ला, चेन्नईला. मधली ४३ वर्षं मोजा. या ४३ वर्षांत मुलींनी परेड केली, कॅम्प केले, नेमबाजी केली, सर्टिफिकेटं मिळवली, आणि मुलांना जे दार होतं ते त्यांना नव्हतंच. वर जो प्रश्न मांडला त्यात मी 'मुलाला' असं लिहिलं होतं. तिथं 'मुलीला' लिहिलं की उत्तरातलं साल एका फटक्यात जवळपास अर्ध्या शतकाने पुढे सरकतं. आराखड्यातला एक शब्द किती ओझं उचलतो ते यावरून कळेल. खडकवासल्याच्या एनडीएत मुली आल्या त्या तर २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या अंतरिम आदेशानंतर. पण एनडीए बारावीनंतरची, तिथं कॉलेज सुटतं. आपला प्रश्न कॉलेजात राहून जाणाऱ्यांचा आहे.

तो मधला जिना आज आहे, त्याला एनसीसी स्पेशल एंट्री म्हणतात. 'सी' सर्टिफिकेटला किमान 'बी' ग्रेड, पदवीला किमान ५० टक्के, वय १९ ते २५, अविवाहित. सीडीएसची लेखी परीक्षा नाही, अर्जांची छाननी होऊन थेट एसएसबीचं बोलावणं. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाही अर्ज करता येतो. एसएसबी पाच दिवसांची, त्यात पास झालं आणि मेडिकल निघालं की गुणवत्ता यादी, मग चेन्नईला ४९ आठवडे. ऐकायला सरळ वाटतं. पण जागा वर्षातून दोनदा निघतात आणि दर वेळी अख्ख्या देशासाठी मुलांच्या पन्नास ते सत्तर, मुलींच्या पाच-सहा. 'सी' सर्टिफिकेट हातात असलेले किती आणि पुढे गेलेले किती, याची जिल्हावार यादी कोणी बसून केली तर तो एक स्वतंत्र पेपर होईल.

इथं विज्ञानवाल्यांसाठी थोडं विषयांतर. 'सी' परीक्षेला बसायचं तर परेडची ७५ टक्के हजेरी लागते, वर दहा दिवसांचा कॅम्प. माझ्या बी.एस्सी.च्या वर्षांत परेडचा वार आणि केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलचा वार एकच असायचा. वर्गातले दोघं दुसऱ्या वर्षाला एनसीसी सोडून गेले, जर्नल अपूर्ण राहायला लागलं म्हणून. कला शाखेतले टिकले. २०२१ मध्ये यूजीसीने एनसीसीला श्रेयांक असलेला निवडीचा विषय म्हणून मान्यता दिली, पण वेळापत्रकातला हा पेच श्रेयांकाने सुटत नाही. शाखेनुसार गळती हा मुद्दा तुमच्या आराखड्यात जरूर घाला. संख्याशास्त्र येणाऱ्याला तो सोपा आहे, इतिहासवाल्यांच्या नजरेतून बहुधा सुटतो.

आणि भूगोल अजूनही तसाच आडवा येतो. १५ ऑगस्ट २०२० ला एनसीसीच्या विस्ताराची घोषणा झाली, १७३ सीमावर्ती आणि किनारी जिल्ह्यांत एक लाख नवे कॅडेट, त्यात एक तृतीयांश मुली. जळगाव, धुळे यांत बसत नाहीत. आपली सीमा मध्य प्रदेशशी, ती या हिशोबात धरत नाहीत.

आता कामाला कुठून लागायचं ते सांगतो. आधी जिल्ह्यातल्या कॉलेजांची यादी करा, स्थापनेच्या सालासकट. त्यापुढे पथक कधी आलं तो रकाना. तिसरा रकाना एएनओचा : कोण, कोणत्या साली कामठीला गेले, कधी निवृत्त झाले. हा तिसरा रकाना बहुतेक जण करत नाहीत. पण प्राध्यापक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कामठीला जायला कोणी तयार झालं नाही, तर पथक कागदावर राहतं आणि मैदान रिकामं पडतं. कॉलेजच्या वार्षिकांकांत एनसीसीचं पान असतं, ते दर वर्षीचं शेजारी शेजारी ठेवून वाचा. एखाद्या वर्षी ते पान छापलेलंच नसेल, तर त्या सालापुढे खूण करून ठेवा आणि त्या वर्षीच्या शिक्षकांच्या यादीत कोणाचं नाव गळालंय ते बघा.