सेकंड हँड मर्सिडीज आणि तांदळातले खडे

मागच्या आठवड्यात साताऱ्याच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. वय सत्तावीस, नोकरी पुण्यात, साठवलेले नऊ लाख. त्याला दहा वर्षं जुनी एक सी-क्लास सापडलीय, किंमत बरोबर नऊ लाख. घरचे म्हणतात, तेवढ्यात नवी कोरी हॅचबॅक येते, ती घे. हा म्हणतो, "आमचे आजोबा टाटा-मर्सिडीज ट्रकवर ड्रायव्हर होते. समोरच्या जाळीवरचा तो तारा रोज फडक्यानं पुसायचे. त्यांना एकदा त्या ताऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसवायचंय. आता ते सत्त्याऐंशीचे आहेत. घेऊ का?"

हो की नाही हे शेवटी बोलू. आधी एक प्रश्न. चाळीस लाखांची गाडी दहा वर्षांत नऊ लाखांवर येतेच कशी? लोखंड तेच, लेदर तेच, तारा तोच. मग एकतीस लाख गेले कुठे? याचं उत्तर इतिहासात आहे, आणि ते समजलं की नऊ लाख वाचू शकतात.

तर आजोबांपासूनच सुरुवात करू. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनायला लागले. १९६९ मध्ये तो करार संपला, तारा गेला, टाटांचं नाव राहिलं. म्हणजे आपल्याकडे मर्सिडीज आधी बनली ती साहेबाची गाडी म्हणून नाही, तर माल वाहणारी गाडी म्हणून. घाटात न थकणारी, कुठल्याही गॅरेजमध्ये उघडता येणारी. "जर्मन गाडी म्हणजे दणकट" हे आपल्या डोक्यात बसलं त्यात या ट्रकचा वाटा मोठा आहे.

जगात हाच लौकिक टॅक्सीवाल्यांनी केला. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरातल्या एका टॅक्सीवाल्यानं १९८१ मध्ये जर्मनीतून जुनी मर्सिडीज २४० डी आणली. १९७६ चं मॉडेल, आधीच सुमारे २ लाख २० हजार किलोमीटर पळालेली. म्हणजे बघा, सेकंड हँड, तीही टॅक्सी! २००४ मध्ये त्यानं ती कंपनीच्या म्युझियमला दिली तेव्हा आकडा होता ४६ लाख किलोमीटर. ही गोष्ट लोक नेहमी सांगतात, पण अर्धीच. उरलेली अर्धी अशी की त्या गाडीची इंजिनं अनेकदा उतरवून बदलली गेली होती. गाडी अमर नव्हती, मालक चिवट होता. आणि त्या डिझेल गाडीत इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नव्हतंच, त्यामुळे चिवटपणा परवडत होता.

त्याच काळात जर्मनीत एक गंमत झाली. १९७६ मध्ये डब्ल्यू १२३ हे मॉडेल आलं आणि त्यासाठी एवढी रांग लागली की वर्षभर वापरलेली गाडीही जवळपास नव्याच्या भावानं विकली जायची. हसू नका, आपल्याकडे बजाज चेतकचं तेच होतं. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, नाहीतर "ऑन" देऊन दुसऱ्याची घ्यायची. म्हणजे जुन्या गाडीचा भाव नुसत्या गाडीवर ठरत नाही. नव्या गाडीची रांग किती लांब आहे, त्यावरही ठरतो.

आपल्याकडे जर्मन कारची रांग फार लांब कधी नव्हतीच. १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या कारखान्यात मर्सिडीजची ई २२० जोडायला सुरुवात झाली. २००७ मध्ये बीएमडब्ल्यू चेन्नईत आली, ऑडी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. २००९ मध्ये मर्सिडीजचा चाकणचा कारखाना उभा राहिला. आणि २०१० च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एका फटक्यात घेतल्या, ती बातमी देशभर गाजली. कर्ज मिळायला लागलं, शोरूम वाढले, दर काही वर्षांनी नवं मॉडेल यायला लागलं. ज्याला परवडतं तो नवीनच घेतो. मग जुनी कोणासाठी उरते? तुमच्या-माझ्यासाठी. म्हणून भाव पडतो. हे झालं पहिलं कारण.

दुसरं कारण सापडलं एका अर्थशास्त्रज्ञाला. जॉर्ज अकरलॉफ. या माणसानं जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. १९६७-६८ मध्ये तो दिल्लीत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होता, आणि निबंध नाकारल्याचं पहिलं पत्र त्याला इथेच मिळालं. एकूण तीन नियतकालिकांनी नकार दिला. १९७० मध्ये चौथ्यानं छापला आणि २००१ मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं, आणखी दोघांबरोबर.

त्याचं म्हणणं साधं होतं. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीला संशयाचाच भाव देतो. मग ज्याची गाडी खरंच चांगली आहे तो म्हणतो, एवढ्या कमी भावात कशाला विकू? तो बाजारातून निघून जातो. उरतात त्या बहुतेक बिघडलेल्या. अमेरिकेत अशा गाडीला "लिंबू" म्हणतात. गंमत म्हणजे त्या निबंधात आपला बाजारही आहे. भारतातल्या बायकांना तांदळातून खडे निवडावे लागतात, कारण ते दिसायला तांदळासारखे असतात आणि मुद्दाम मिसळलेले असतात, असं त्यानं लिहिलंय. तर मंडळी, सेकंड हँड मर्सिडीज घेणं म्हणजे तांदूळ निवडणंच आहे. फक्त खडा लाखाचा असतो.

आता तिसरं कारण, सगळ्यात महागाचं. १९७८ मध्ये एस-क्लासमध्ये बॉशचं एबीएस आलं. १९८६ मध्ये बॉशनं कॅन बस जाहीर केली. म्हणजे गाडीतले सगळे कॉम्प्युटर एकाच वायरीवर एकमेकांशी बोलणार. १९९८ च्या एस-क्लासमध्ये हवेवर तरंगणारं एअर सस्पेन्शन आलं. २००१ च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजमध्ये आयड्राइव्ह. प्रत्येक गोष्ट भारी, आणि प्रत्येक गोष्ट एक दिवस बिघडणारी. इथे नीट ऐका. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, पार्टची उतरत नाही. नऊ लाखांत घेतलेल्या गाडीचा गिअरबॉक्स चाळीस लाखांच्या गाडीचाच असतो आणि बिलही त्याच हिशोबानं येतं. आधीचा मालक गाडी नेमकी का विकतोय, याचं उत्तर बऱ्याचदा पुढच्या मोठ्या सर्व्हिसच्या एस्टिमेटमध्ये असतं.

मग जर्मनीत लोक जुन्या गाड्या बिनधास्त कशा घेतात? तिथे एक जुनी सवय आहे. १८६५ मध्ये मानहाइम शहरात एका ब्रुअरीचा बॉयलर फुटला. दुसऱ्या वर्षी तिथल्या कारखानदारांनी एकत्र येऊन बॉयलर तपासणारी संस्था काढली. आजच्या टीयूव्ही संस्थांचं मूळ तिथे आहे. आणि त्याच मानहाइममध्ये कार्ल बेंझनं आपली मोटारगाडी बनवली, जिच्या पेटंटची तारीख आहे २९ जानेवारी १८८६. म्हणजे तपासणारा माणूस गाडीच्या वीस वर्षं आधी जन्माला आला! १९५१ पासून पश्चिम जर्मनीत गाड्यांची ठरावीक काळानं तपासणी सक्तीची झाली. आज खासगी गाडी पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासली जाते. त्या रिपोर्टवर किलोमीटरचा आकडाही येतो. शिवाय २००५ पासून मीटर मागे फिरवणं हा तिथे गुन्हा आहे. तपासणीत सगळं कळतं असं नाही, पण गाडीच्या मागे कागदांची साखळी तयार होते. खडे निवडायचं अर्धं काम आधीच झालेलं असतं.

आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. मधल्या काळात पीयूसी सोडली तर कोणी विचारत नाही. म्हणजे ती साखळी आपण स्वतः जोडायची.

तर माझ्या साताऱ्याच्या मित्रा, आता तुझं उत्तर.

नऊ लाख जवळ असतील तर नऊ लाखांची गाडी घेऊ नकोस. साडेसहा-सातची बघ आणि उरलेले दुरुस्तीसाठी बाजूला ठेव. ते पैसे खर्च होणारच आहेत असं धर. व्यवहाराच्या आधी चासी नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमधला सर्व्हिसचा इतिहास मागव. मालक "रेकॉर्ड हरवलं" म्हणाला तर हात जोड आणि निघ. इन्शुरन्सचे जुने क्लेम बघ. पुराचं पाणी गेलेली गाडी वरून चकाचक दिसते, वायरिंगला मात्र सगळं आठवत असतं. सकाळी इंजिन थंड असताना जा, स्वतः स्टार्टर मार. गाडी लिफ्टवर चढवून, स्कॅनर लावून, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासून घे. चार-पाच हजार गेले तरी चालतील. कर्जाचा बोजा उतरलाय का ते आरसी बुकावर बघ. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घे, आणि गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला रोड टॅक्स हिशोबात धर. दिल्लीकडची गाडी स्वस्त दिसते त्याचं एक कारण तिथला दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा आदेश आहे. एनजीटीनं तो २०१५ मध्ये दिला आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं उचलून धरला.

एवढं सगळं जुळलं तर घे. नाही जुळलं तर घरच्यांचं ऐक, हॅचबॅक घे. आणि मग एका रविवारी चार तासांसाठी ड्रायव्हरसकट एक मर्सिडीज भाड्यानं घे, आजोबांना मागे बसव आणि ठोसेघरला चक्कर मारून आण. तारा तोच असेल. वर्कशॉपच्या बिलाची धाकधूक नसेल.

आणि हो, निघण्याआधी त्यांच्या हातात एक फडकं दे.

भेटू पुढच्या भागात.