सोळाव्या अध्यायातले शेजारी

गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात दैवी गुणांची यादी सुरू होते. तिच्यात दान आहे आणि स्वाध्यायही. विसाव्या शतकात या दोन्ही शब्दांनी कूस बदलली. ती बदलायला लावणारे दोघेही तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले: पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे (जन्म १८९५) आणि रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले (जन्म १९२०).

दान मुळात देणाऱ्याच्या बाजूने बोलणारा शब्द. ऋग्वेदातल्या दानस्तुतींत कवी गाई-घोडे देणाऱ्या राजांचे गोडवे गातात. पुढे दान पुण्याच्या हिशेबात गेलं. ग्रहण लागलं की गल्लीतून 'दे दान, सुटे गिराण' अशी हाळी येई. सुटायचे ते सूर्य-चंद्र, पुण्य देणाऱ्याला, आणि घेणारा उंबऱ्याबाहेरच. शंकराचार्यांनी मात्र याच श्लोकावरच्या भाष्यात दानाला 'संविभाग' म्हटलं होतं, म्हणजे यथाशक्ती वाटून घेणं. विनोबांनी नेमका तो अर्थ उचलला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली आणि गावचे जमीनदार रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. मग विनोबा गावोगाव सांगू लागले, पाच मुलगे असतील तर मला सहावा धरा. याचक असं बोलत नाही. ही भाऊबंदाची वाटणीची भाषा. मिळालेल्या जमिनीत खडकाळ माळ पुष्कळ होते आणि बरीचशी जमीन वाटलीच गेली नाही, हेही खरं. शब्दाला मात्र ग्रामदान, संपत्तिदान, जीवनदान अशी पालवी फुटत गेली.

स्वाध्यायाची गोष्ट मला याहून नवलाची वाटते. शाळेत तो धड्याखालचे प्रश्न म्हणून भेटतो. वैदिकांकडे 'स्व' म्हणजे आपली वेदशाखा, आणि तिचं रोजचं पठण हाच ब्रह्मयज्ञ. तैत्तिरीय आरण्यक सांगतं की त्यासाठी गावाबाहेर, घरांची छपरं दिसणार नाहीत इतकं लांब जावं. अधिकार अर्थात मुंज झालेल्यालाच.

आठवल्यांनी उलटी वाट धरली. वडील वैजनाथशास्त्रींनी १९२६ मध्ये मुंबईच्या माधवबागेत गीता पाठशाळा काढली होती. १९४२ पासून ती पांडुरंगशास्त्रींनी सांभाळली. पुढे त्यांचे स्वाध्यायी पदरमोड करून 'भक्तिफेरी'ला निघू लागले आणि कोळ्या-खारव्यांच्या छपरांखालीच जाऊन बसले. 'स्व'ही शाखेपुरता उरला नाही. प्रत्येकाच्या आत वसणारा देव, असा त्याचा अर्थ झाला.

किनाऱ्यावर 'मत्स्यगंधा' नावाच्या होड्या आल्या. त्या कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत. स्वाध्यायी पाळीपाळीने त्यांवर जातात आणि मासळीचा पैसा देवाचा मानतात. त्याला दादांनी, म्हणजे आठवल्यांनी, 'अपौरुषेय लक्ष्मी' म्हटलं. मीमांसकांनी वेदांसाठी राखलेलं विशेषण मासळीच्या पैशाला लावताना रोह्याचा हा संस्कृत पंडित मनाशी हसला नसेल, असं मला वाटत नाही. त्यातून अडलेल्या घराला जे मिळतं, ते गाजावाजा न करता, प्रसाद म्हणून. दान म्हणून नव्हे.