सुटीतील वाचन : यादी आणि कपाट

शाळेचे दार बंद झाले म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती एकदम दीड-दोन महिन्यांचा मोकळा काळ येतो. त्या काळावर हक्क कोणाचा? मुलाचा, आईबापांचा, की शिक्षकाचा? आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल बहुधा मामाच्या गावी लागतो, आणि त्याविषयी कोणी फारशी चर्चा करीत बसत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र गेली सव्वाशे वर्षे या प्रश्नावर विचार, वाद आणि प्रयोग चालू आहेत. तेथे उन्हाळ्यात शाळा सुटताना पुष्कळ ठिकाणी मुलाच्या हाती एक यादी देण्याची वहिवाट आहे. तिच्यात वयोमानाप्रमाणे अपेक्षा सांगितलेल्या असतात. अगदी लहानांनी वडील माणसांच्या शेजारी बसून रोज थोडा वेळ गोष्टी ऐकाव्या व वाचाव्या. मधल्या इयत्तांतील मुलांनी आपल्या आवडीची काही पुस्तके निवडून संपवावी. आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी नेमलेला एखादा ग्रंथ टिपणांसह वाचून यावा, म्हणजे शाळा उघडताच त्यावर निबंध लिहिता येईल.

वरवर पाहता ही यादी एकसंध दिसते. परंतु तिचा वंश शोधू गेले असता तिच्यात दोन अगदी भिन्न कुळांचे रक्त मिसळलेले आढळते. एक कुळ परीक्षकाचे, दुसरे ग्रंथपालाचे. पहिल्याने विद्यार्थ्याकडे मागितले. दुसऱ्याने त्यास दिले. मागणे आणि देणे यांतील हा भेद ध्यानात घेतल्यावाचून सुटीतील वाचनाचा इतिहास उलगडत नाही, आणि त्यापासून आपण काय घ्यावे हेही कळत नाही.

प्रथम सुटीचीच गोष्ट घेऊ. शेतीच्या कामास मुले हवी असत म्हणून उन्हाळ्यात शाळा बंद ठेवीत, अशी समजूत खुद्द अमेरिकेतही रूढ आहे. ती खरी नव्हे, हे केनेथ गोल्ड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साधार दाखविले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेड्यांतील शाळा सामान्यतः हिवाळ्यात व उन्हाळ्यात भरत. पेरणीची व कापणीची घाई वसंतात व शरदात असे, आणि शाळेस सुटीही तेव्हाच मिळे. उलट मोठ्या शहरांतील शाळा जवळजवळ बारमाही चालत. १८४२ मध्ये डेट्रॉइट शहरात शाळेचे वर्ष २६० दिवसांचे होते. पुढे शहरांतील उकाडा व रोगराई, सधन कुटुंबांची त्या दिवसांत गावाबाहेर जाण्याची चाल, अतिअभ्यासाने मुलांच्या मेंदूस इजा होते हे त्या काळचे मत, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणास हवी असलेली सवड, अशा अनेक कारणांनी शहरांतील वर्ष आखडत गेले व खेड्यांतील वाढत गेले, आणि दोहोंच्या मध्ये दीर्घ उन्हाळी सुटी स्थिरावली. तिच्या घडणीत सुखवस्तू शहरी गृहस्थाच्या सोयीचा वाटा मोठा होता. ज्यांस हवापालटास जाणे परवडत नव्हते त्या मजुरांच्या मुलांनी या दिवसांत काय करावे, हा प्रश्न मागाहून उभा राहिला.

आता यादीच्या पहिल्या कुळाकडे वळू. चार्ल्स इलियट हे हार्वर्ड विद्यालयाचे अध्यक्ष असताना, १८७४ पासून, प्रवेशार्थी उमेदवाराने इंग्रजीत एक लहानसा निबंध लिहावा व त्याचा विषय आधी जाहीर केलेल्या ग्रंथांतून घेतला जावा, असा नियम झाला. पहिल्या वर्षीच्या ग्रंथांत शेक्सपिअरची ‘टेंपेस्ट’, ‘ज्यूलियस सीझर’ व ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ ही तीन नाटके, गोल्डस्मिथची ‘व्हिकार ऑफ वेकफील्ड’ व स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ या दोन कादंबऱ्या, आणि स्कॉटचेच एक दीर्घकाव्य होते. ग्रीक व लॅटिन यांच्या राज्यात स्वभाषेतील वाङ्मयास परीक्षेचे आसन मिळाले, हा या नियमाचा मोठाच लाभ होय. परंतु प्रत्येक विद्यालय आपली निराळी यादी काढू लागले, आणि एकाच वर्गातील मुलांस निरनिराळ्या याद्यांसाठी तयार करता करता शिक्षक टेकीस आले. म्हणून १८९४ मध्ये या याद्या एकरूप करण्यासाठी परिषद भरली. तिने ग्रंथांचे दोन भाग केले: काही कसून अभ्यासावयाचे, काही नुसते वाचावयाचे. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथांस वर्गातील तास पुरेनात, तेव्हा त्यांनी घरी जावे व सुटीत शिरावे, हे ओघानेच आले. वरच्या वर्गांच्या यादीत आजही जी हुकुमाची भाषा दिसते तिचे मूळ येथे आहे. पुस्तक घरी आहे की नाही, ही चौकशी करणे परीक्षकाचे काम नव्हते.

दुसऱ्या कुळाची मूळपीठिका अधिक मनोरंजक आहे. त्या काळी अमेरिकेतील पुष्कळ ग्रंथालयांत बारा किंवा चौदा वर्षांखालील मुलांस प्रवेशच नसे. मूल म्हणजे पुस्तक मळविणारा प्राणी, अशीच व्यवस्थापकांची भावना असावी. कनेक्टिकट संस्थानातील हार्टफर्ड येथे कॅरोलिन ह्यूइन्स नावाच्या बाई १८७५ मध्ये ग्रंथपाल झाल्या. त्यांचे ग्रंथालय वर्गणीवर चाले, आणि मुलांसाठी म्हणून त्यात वेगळे काही नव्हते. बाईंनी एकेक करून चांगली बालपुस्तके जमविली, आणि १८८२ मध्ये पालकांसाठी व मुलांसाठी निवडक पुस्तकांची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. हीही यादीच होती. परंतु तिच्यामागे परीक्षा नव्हती, कपाट होते. जे सुचविले ते देण्याची तयारी आधी, सूचना नंतर, असा हा क्रम होता. १८९२ मध्ये ते ग्रंथालय सर्वांस विनामूल्य खुले झाले.

याच वृत्तीतून पुढील दशकात सुटीतील वाचनाचे उपक्रम निघाले. क्लीव्हलँड येथील सार्वजनिक ग्रंथालयाने १८९७ मध्ये मुलांचा एक संघ स्थापिला. पुस्तके स्वच्छ राखू, अशी प्रतिज्ञा घेऊन मुले त्यात दाखल होत, आणि सुटीच्या दिवसांत त्यांस चांगल्या पुस्तकांच्या याद्या मिळत. पिट्सबर्ग येथील कार्नेगी ग्रंथालयाने पोलाद-कारखान्यांच्या वस्तीत व उन्हाळी क्रीडांगणांवर पुस्तकेच नेली, आणि गोष्टी सांगणाऱ्या बायका बरोबर धाडल्या. न्यूयॉर्कमध्ये ॲन कॅरोल मूर यांनी १९०६ पासून लहान मुलासही नोंदवहीत स्वतःची सही करून पुस्तक घरी नेण्याची मुभा दिली. ज्या मुलाच्या घरी टेबल नाही, दिवा नाही, आणि आईबापांस नव्या देशाची भाषाही येत नाही, त्या मुलाची सही कोणीतरी विश्वासाने घेतली, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र देणाऱ्यासही मोजण्याचा मोह लवकरच झाला. अमुक इतकी पुस्तके वाचली की प्रशस्तिपत्र, अशी पद्धत ग्रंथालयांत रूढ झाली. आणि मुले पातळ पुस्तके शोधून संख्या भरतात, ही तक्रारही तिच्या पाठोपाठ आली. दुसरा प्रश्न वयाचा होता. कोणत्या वयास कोणते पुस्तक योग्य, हे ठरवावे कोणी? शिकागोजवळच्या विनेट्का येथील शाळांचे प्रमुख कार्लटन वॉशबर्न यांनी मेबल व्होगेल यांच्या साह्याने हा निर्णय मुलांवरच सोपविला. सुमारे ३७,००० मुलांकडून, वाचलेले पुस्तक आवडले की नाही व सोपे वाटले की अवघड, याची मते त्यांनी मागविली, आणि त्यांवरून ७०० पुस्तकांची इयत्तावार यादी १९२६ मध्ये प्रसिद्ध केली. बालग्रंथपालांनी तीवर कडाडून टीका केली. त्यांचे म्हणणे असे की, यांतील पुष्कळ पुस्तके वाङ्मय म्हणून क्षुद्र आहेत. मुलास आवडले एवढ्याने ते चांगले ठरत नाही. आमच्या मते दोन्ही पक्षांत तथ्य होते. मूल जे वाचीत नाही ते कितीही थोर असले तरी त्याच्या उपयोगाचे नाही. आणि जे ते वाचते तेवढ्यावरच त्यास सोडून देणे हेही शिक्षकाचे कर्तव्य नव्हे. परंतु इयत्तेचा आकडा पुस्तकाच्या कपाळी कायमचा लिहिण्याची सवय मात्र येथून बळावली, आणि तिचा जाच आजही अनेक मुलांस होतो.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय झाला, हे मोजण्याचा शास्त्रीय प्रयत्न बराच उशिरा झाला. बार्बरा हेन्स यांनी अटलांटा शहरातील सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास करून १९७८ मध्ये ग्रंथ लिहिला. सुटीत अधिक पुस्तके वाचणाऱ्या मुलांची प्रगती अधिक होते, आणि या बाबतीत सार्वजनिक ग्रंथालयाइतका दुसऱ्या कोणत्याही संस्थेचा उपयोग दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे रिचर्ड ॲलिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लॉरिडातील गरीब वस्तीच्या शाळांत मुलांस स्वतः निवडलेली बारा पुस्तके दर उन्हाळ्यात, अशी तीन वर्षे फुकट दिली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे या मुलांचे वाचन इतरांपेक्षा सुधारले, आणि जी सर्वांत गरीब होती त्यांस लाभ सर्वांत अधिक झाला. जेम्स किम यांच्या प्रयोगांनी यास एक मर्यादा घातली: नुसती पुस्तके हाती देऊन भागत नाही, शिक्षकाने आधी थोडी वाट दाखविली तरच गुण येतो. सुटीत मुले किती मागे पडतात, याच्या मोजमापाविषयी अलीकडे विद्वानांत वाद आहे. तथापि, पुस्तक जवळ असल्यावाचून वाचन होत नाही, एवढ्या साध्या गोष्टीस त्या वादाने बाध येत नाही.

या इतिहासाचा एक धागा आपल्या प्रांतालाही येऊन लागला आहे. सर सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात सर्वत्र सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. आणि शिकलेले मूल पुस्तकावाचून पुन्हा निरक्षर होईल, हे ओळखून १९१० मध्ये त्याच कनेक्टिकटमधील विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून आणले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा स्वतंत्र विभाग झाला, आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. इतरत्र मराठी मुलांची भिस्त मासिकांवर राहिली. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ १८८१ मध्ये व वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये निघाले. त्यांनी पिढ्यांवर उपकार केले, परंतु ज्या घरी वर्गणी भरण्याची ऐपत होती त्याच घरी ते पोहोचत.

यापुढे आपला मार्ग कोणता? १९६७ मध्ये महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, व त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे सांगितले. कागदावर कपाट आले. परंतु शाळेस सुटी लागली की बहुधा त्या कपाटासही सुटी लागते. ज्या दिवशी मुलास वाचावयास वेळ मिळतो त्याच दिवशी त्यावर कुलूप चढते. अशा स्थितीत इयत्तावार याद्या छापून घरी धाडणे म्हणजे विहीर झाकून ठेवून तहानेविषयी उपदेश करण्यासारखे आहे. सुखवस्तू घरातील मुलास यादीची फारशी गरज नाही, आणि गरीब घरातील मुलास नुसत्या यादीचा उपयोग नाही.

मुलाकडून अपेक्षा करू नये, असे आमचे म्हणणे नाही. अपेक्षा अवश्य करावी, वयाप्रमाणे करावी, आणि मोठ्यांकडून मोठी करावी. परंतु अपेक्षा करण्याचा अधिकार देणाऱ्यास पोहोचतो. शेवटच्या दिवशी शिक्षकाने प्रत्येक मुलास कपाटापुढे उभे करावे, त्याच्या आवडीची चार पुस्तके त्यास काढू द्यावी, पाचवे आपल्या पसंतीचे वर ठेवावे, आणि वहीत त्याची सही घ्यावी. त्यांतील एखादे फाटून येईल, एखादे येणारही नाही. तेवढा तोटा शाळेने आनंदाने सोसावा. कारण वापरून झिजलेल्या पुस्तकाची किंमत वसूल झालेली असते, आणि कुलपाआड कोरे राहिलेल्या पुस्तकाचा पैसा मात्र फुकट गेलेला असतो.