‘मनाला विचारा’ असं घड्याळवाले कधीपासून म्हणू लागले?

गेल्या दिवाळीत दादाला बोनस मिळाला आणि त्याने ठरवलं, आता एक भारी घड्याळ घ्यायचंच. दोन पसंत पडली. दोन्ही स्विस, दोन्ही ऑटोमॅटिक, किंमतही जवळपास सारखी. मी एमएस्सी फिजिक्स, म्हणून मला सोबत नेलं. "तू सांग, तांत्रिकदृष्ट्या कुठलं चांगलं?" मी तोंड उघडायच्या आत दुकानातला माणूस म्हणाला, "सर, या रेंजमध्ये तांत्रिक काही बघू नका. मनाला विचारा."

दादाला ते पटलं. मला मात्र ते वाक्य घरी येईपर्यंत टोचत राहिलं. लाखांचं यंत्र विकणारा माणूस म्हणतो, यंत्राकडे बघू नका! हे कधीपासून? इतिहासाच्या संशोधनात असा प्रश्न फार कामाचा असतो. जो सल्ला आपल्याला नैसर्गिक वाटतो, त्यालाही बहुतेक वेळा एक जन्मकाळ असतो. तो शोधायचा.

1960 च्या दशकापर्यंत जास्त पैसे देण्याला एक साधं कारण होतं: महाग घड्याळ वेळ जास्त अचूक दाखवायचं. स्वित्झर्लंडमधल्या नुशातेलच्या वेधशाळेत घड्याळांच्या अचूकतेच्या स्पर्धा व्हायच्या आणि कंपन्या त्यातलं यश जाहिरातीत मिरवायच्या. म्हणजे चांगलं घड्याळ कुठलं, हे आकड्यांत सांगता येत होतं.

मग क्वार्ट्झ आलं. 1967 मध्ये याच नुशातेलच्या स्पर्धेत क्वार्ट्झच्या प्रायोगिक घड्याळांनी वरचे क्रमांक घेतले. ती घड्याळं स्विस संशोधकांचीच होती, हे विसरू नका. पण बाजारात पहिलं आलं ते जपानच्या सायकोचं ‘अ‍ॅस्ट्रॉन’, 25 डिसेंबर 1969 ला, टोकियोत. किंमत 4,50,000 येन, म्हणजे साधारण एका छोट्या कारइतकी. अचूकता महिन्याला पाच सेकंदांच्या आत.

यामागचं विज्ञान सोपं आहे. यांत्रिक घड्याळात बॅलन्स व्हील सेकंदाला साधारण चार वेळा झोके घेतं. गुरुत्व, तापमान, तेल, मनगटाची हालचाल, सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. आजच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि या सगळ्याला फारशी दाद देत नाही. स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्रासाठी यांत्रिक घड्याळाला दिवसाला 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे इतकी सूट असते. रोज 6 सेकंद पुढे गेलं तर महिन्याला तीन मिनिटं. सेलवर चालणारं साधं घड्याळ महिन्यात 15-20 सेकंदच चुकतं. बाबांचं कपाटातलं जुनं सेलचं घड्याळ दादाच्या दोन्ही घड्याळांना हरवणार, हे तिथेच स्पष्ट होतं.

हा धक्का स्विस उद्योगाला किती बसला? 1970 च्या सुमारास तिथे या धंद्यात जवळपास 90,000 लोक होते. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत 30-35 हजार उरले. मात्र ‘क्वार्ट्झ आलं आणि बुडाले’ असं लिहून मोकळे होऊ नका. 1970 मध्ये एका डॉलरला चार फ्रँकहून जास्त मिळायचे, 1978 मध्ये दोनपेक्षाही कमी. म्हणजे स्विस माल अमेरिकेत आपोआपच दुपटीने महाग झाला. एकाच कारणावर भागणारं स्पष्टीकरण दिसलं, की थांबून दुसरं शोधायचं.

अचूकतेचा आधार गेल्यावर महाग यांत्रिक घड्याळाला विकायला दुसरं काहीतरी हवं होतं. 1980 च्या दशकात ब्लांपां हे जवळजवळ बंद पडलेलं नाव पुन्हा उभं केलं गेलं, आणि ‘आम्ही क्वार्ट्झ कधी केलं नाही, करणारही नाही’ हाच त्याच्या जाहिरातीचा मुद्दा होता. 1996 पासून पाटेक फिलिपच्या जाहिरातींत पालक आणि मुलं दिसू लागली. घड्याळ म्हणजे पुढच्या पिढीसाठी जपायचा ठेवा. आकड्यांची जागा मनाने घेतली ती इथे. दुकानातल्या माणसाचं वाक्य याच काळाचं अपत्य आहे.

मग मनाचं ऐकणं म्हणजे नुसती जाहिरातबाजी? असंही नाही. 1975 मध्ये झेनिथच्या अमेरिकन मालकांनी यांत्रिक घड्याळांची अवजारं मोडीत काढायचं ठरवलं. ‘एल प्रिमेरो’ हे त्यांचं 1969 चं नावाजलेलं यंत्रही त्यात होतं. शार्ल व्हेर्मो या कारागिराने आदेश न मानता अवजारं कारखान्याच्या माळ्यावर लपवली. नुसती लपवली नाहीत, तर कुठलं अवजार कशासाठी, काम कसं करायचं, हे वहीत व्यवस्थित लिहून ठेवलं. 1984 मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झालं ते त्या माळ्यामुळे आणि त्या वहीमुळे. 1988 मध्ये रोलेक्सनेही आपल्या डेटोनासाठी हेच यंत्र घेतलं. (ही गोष्ट आज झेनिथ स्वतः अभिमानाने सांगते, त्यामुळे वाचताना थोडं सावध राहायचं. सांगणाऱ्याचा फायदा कशात आहे, हे आधी विचारायचं.)

मला स्वतःला ही वही फार महत्त्वाची वाटते. मी फिजिक्स सोडून विज्ञानाच्या इतिहासाकडे आले, तेव्हा घरी सांगितलं, मनाचं ऐकलं. आई दोन दिवस बोलली नाही. आज प्रामाणिकपणे बघते तर त्या ‘मनात’ एका व्याख्यानाचा परिणाम होता, लॅबमधला कंटाळा होता, आणि फेलोशिप मिळेल ही आशाही होती. निर्णय चुकला असं वाटत नाही. पण हे सगळं तेव्हाच लिहून ठेवलं असतं, तर पहिल्या वर्षाच्या अखेरीस आलेल्या शंकांना तोंड देणं सोपं गेलं असतं.

विषय निवडताना तुम्हालाही कोणीतरी ‘मनाला विचारा’ म्हणेलच. जरूर विचारा. पण मन काय म्हणालं आणि का म्हणालं, हे तारीख टाकून एका पानावर लिहा. सहा महिन्यांनी ते पान काढून वाचा.

दादाने शेवटी निळ्या डायलचं घेतलं. "का?" विचारलं तर म्हणाला, "अगं, आवडलं." ते रोज पाच सेकंद पुढे जातं. दर रविवारी तो मोबाइल बघून वेळ लावतो, आणि ते करताना खूश दिसतो.