जातिवंत कुत्रें आणि बेवारशी कुत्रें

घरीं कुत्रें आणावयाचें तर तें जातिवंत आणावें कीं बेवारशी, या प्रश्नाला आजचें रूप आलें तें १९ व्या शतकांतील लंडन शहरांत.

१८६० सालीं मेरी टील्बी या बाईंनीं हॉलोवे भागांत चुकलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं आश्रयगृह काढलें. वृत्तपत्रांतून त्यांची थट्टा झाली. दोनच वर्षांनीं, १८६२ मध्यें, जवळच्याच इस्लिंग्टन भागांत जातिवंत कुत्र्यांचें मोठें प्रदर्शन भरलें. चार्ल्स डिकन्स संपादक असलेल्या साप्ताहिकानें त्याच वर्षीं या दोन्ही स्थळांची तुलना करणारा लेख छापला; लेखकाचा जिव्हाळा आश्रयगृहांतील कुत्र्यांकडे होता.

१८७३ मध्यें केनेल क्लब स्थापन झाला व वंशावळींची रीतसर नोंद होऊं लागली. प्रदर्शनांमुळें रूपाला मोल आलें. पण त्याची किंमत मुक्या प्राण्यानें भरली. चपट्या तोंडाच्या पुष्कळ बुलडॉगांना श्वास घेणेंहि जड जातें. इकडे आश्रयगृह १८७१ मध्यें बॅटर्सी येथें गेलें व १८८५ मध्यें त्याला राणी व्हिक्टोरियाचा आश्रय लाभला. तरीहि ज्यांना कोणी नेलें नाहीं अशा असंख्य कुत्र्यांना तेथें मरण आलें.

वंशावळीवरून पिल्लूं केवढें वाढेल याचा अंदाज येतो. तें निरोगी राहील याची ग्वाही त्या कागदांत नसते. बेवारशी कुत्र्याचा पूर्वेतिहास बहुधा अज्ञात असतो. मात्र त्याला घर मिळालें म्हणजे आश्रयगृहांत दुसऱ्या एका जिवासाठीं जागा मोकळी होते.