नोटिशीचे तीस दिवस

सज्ञान मुलगी स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडते, आणि पोलिसांच्या कागदावर मात्र तिला कुणीतरी 'पळवून नेलेले' असते. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३६६ बापांनी यासाठीच वापरले. २०२४ पासून ते न्याय संहितेत कलम ८७ झाले. आकडा तेवढा बदलला.

बाबासाहेबांनी १९३६ साली आंतरजातीय विवाहाला जातिभेदावरील उपाय म्हटले, आणि लोक तो का करीत नाहीत याचे उत्तर शास्त्रांवरील श्रद्धेत शोधले. कायदाही या श्रद्धेपुढे दबकूनच वागला. १८७२ च्या कायद्याने नोंदणी विवाह दिला, पण आपण हिंदू वगैरे कोणताच धर्म मानीत नाही, असे लिहून घेतले. ही अट १९२३ साली हिंदू, बौद्ध, शीख व जैनांना आपसात शिथिल झाली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१९ सालीच आंतरजातीय विवाहास मान्यता दिली होती. धर्मविधीने झालेला असा विवाह देशभर वैध ठरायला १९४९ उजाडले.

परंतु नोटिशीची गोष्ट याहून बोलकी आहे. परक्या सरकारने १८७२ साली १४ दिवसांची मुदत ठेवली होती. स्वतंत्र भारताने १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ती ३० दिवसांची केली, वर नोटीस कचेरीत दर्शनी जागी लावण्याचे बंधन घातले. हरकत घेता येते ती वय, हयात जोडीदार, मानसिक स्थिती आणि निषिद्ध नाते यांवरच. जात त्यात नाही. पण भिंतीवरचा कागद वाचणारा आडनाव आधी वाचतो! एका कचेरीतील कारकुनाने मुलीच्या मामाला निरोप धाडलेला मी स्वतः पाहिला आहे.

म्हणून पोरे आळंदी गाठतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याला नोटीस लागत नाही. शास्त्रे झुगारून निघालेल्यांना जीव वाचवण्यासाठी पुन्हा भटजीसमोरच बसावे लागते. दोघांचे धर्म हिंदू-मुसलमान असे असतील तर तीही वाट नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लता सिंह खटल्यात अशा जोडप्यांना संरक्षण देण्यास पोलिसांना बजावले, २०१८ साली शक्तिवाहिनी खटल्यात पुन्हा बजावले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ साली नोटीस लावणे जोडप्याच्या इच्छेवर सोडले. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही.

निकाल हाती असले तरी ठाण्यात पहिला प्रश्न मुलीच्या वयाचाच येतो. म्हणून जोडपे आले की मी आधी तिचा शाळा सोडल्याचा दाखला विचारतो. बहुधा तो बापाच्या ट्रंकेत असतो. मग शाळेतून दुसरी प्रत काढायची, आणि गावच्या शाळेत मुख्याध्यापक बापाच्या ओळखीचेच निघतात.